आमचा कुलवृत्तांत बोटीच्या नोंदवहीत आहे

महाराष्ट्रात ‘कुलवृत्तांत’ नावाचा एक ग्रंथप्रकार आहे. अमुक घराण्याचा मूळपुरुष कोण, गोत्र कोणते, कुलदैवत कोणते, इनाम कोणी दिले, कोणत्या शाखेत कोण मामलेदार झाला आणि कोण वकील झाला, हे सारे त्यात पिढ्यांच्या क्रमाने दिलेले असते. ज्यांच्या घरात सनदा होत्या, इनामपत्रे होती, ज्यांची नावे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांनी पिढ्यान्‌पिढ्या वहीत उतरवली, त्यांना असा ग्रंथ छापणे अवघड नाही. माझ्या घरात असा ग्रंथ नाही. हे वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरातही नसेल. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले त्याची वंशावळ कोणता उपाध्याय लिहिणार होता?

पण कागद मागायची वेळ आली की हीच व्यवस्था आपल्याच दारात उभी राहते. अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या घरातल्या एका मुलीच्या प्रवेशाच्या वेळी पडताळणीच्या टेबलावर आम्हाला विचारले गेले, “याच्या आधीचे काही नाही का?” ज्यांना शाळेत घेतले नाही त्यांच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मागणारी ही व्यवस्था! प्रश्न विचारणाऱ्याला त्यातला विनोद कळला नाही. त्या दिवसापासून मी जुने कागद शोधू लागलो. मुलीचे काम पुढे आजोबांच्या एका जुन्या नोंदीवर झाले, पण माझा शोध थांबला नाही. तो मला शेवटी बोटींच्या नोंदवह्यांपर्यंत घेऊन गेला.

‘बोटीवर’ की ‘बोटीने’?

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. आजी सांगायची, खापरपणजोबांचा थोरला भाऊ तरणाबांड असताना बोटीने गेला तो परत आला नाही. एवढीच आठवण. साल नाही, देश नाही.

अशा शोधात पहिला प्रश्न हाच असतो की माणूस ‘बोटीवर’ गेला की ‘बोटीने’ गेला. ‘बोटीवर गेला’ म्हणजे खलाशी म्हणून नोकरीला लागला. ‘बोटीने गेला’ म्हणजे उतारू म्हणून दुसऱ्या मुलखात गेला. मराठीतल्या एका प्रत्ययाचा हा फरक, पण दोघांचे कागद वेगवेगळ्या देशांत आणि वेगवेगळ्या दप्तरांत आहेत. मी आजीच्या वयाच्या दोन बायकांना वेगवेगळे विचारले. दोघींनीही ‘बोटीने’च म्हटले. एकीने पुढे जोडले, “उसाच्या मळ्यात.” म्हणून मी मॉरिशसकडे वळलो.

इतिहास थोडक्यात असा. इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली तेव्हा मॉरिशसच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून कराराचे मजूर घेऊन पोर्ट लुईला पोहोचले. मजुरांच्या हालअपेष्टांची ओरड झाल्यावर ही भरती काही काळ बंद पडली. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही बंदरांतून मॉरिशसला मजूर नेण्याची परवानगी मिळाली. पुढे पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा, मुदत पाच वर्षे, असा करार रूढ झाला. मुंबईहून कलकत्त्याच्या मानाने फार कमी माणसे गेली, पण जी गेली त्यांत कोकणातली पुष्कळ होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये ‘मराठी’ म्हणून ओळखले जातात. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मजुराला उंची होती, व्रण होता, क्रमांक होता

या मजुरांच्या नोंदवह्या मॉरिशसमध्ये मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. त्यात काय काय आहे ते पाहा. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, जिल्हा, गाव, जहाजाचे नाव, पोहोचल्याची तारीख, कोणत्या मळ्यावर पाठवले ते. १८६० च्या दशकापासून पुढे फोटोसुद्धा आहेत.

हे प्रेमाने लिहिलेले नाही. पळून गेला तर पकडता यावा म्हणून उंची आणि व्रण लिहिला. मालकाचा हक्क सांगता यावा म्हणून क्रमांक दिला. पण त्या कारकुनाच्या मनात नसताना एक गोष्ट होऊन गेली. ज्याचे नाव त्याच्या गावातल्या कोणत्याही सन्मानाच्या कागदावर नव्हते, त्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि कपाळावरचा व्रण कायमचा लिहिला गेला. बायकांनाही स्वतंत्र क्रमांक मिळाला, स्वतःची उंची मिळाली. जुन्या वंशावळी उघडून पाहा, त्यात लेकीसुनांची नावे किती सापडतात?

आणि समुद्र ओलांडण्याच्या पापाचे म्हणाल, तर बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हे पतनाचे कारण सांगितले आहे. पण ज्याला गावाच्या पाणवठ्यावर घोटभर पाणी मिळत नव्हते, त्याला काळ्या पाण्याची भीती कोण घालणार? ‘काळे पाणी’ ही ज्यांच्याकडे गमावण्यासारखी जात होती त्यांची अडचण होती.

नाव कसे शोधायचे

इथे आपल्या लोकांना उपयोगी पडेल असे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आडनाव शोधू नका. त्या काळात आपल्याकडे आडनाव लिहिण्याची रीतच नव्हती. नावाचा शेवट पाहा. महार पुरुषांच्या नावाच्या शेवटी ‘नाक’ लागत असे. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर कोरलेली ‘नाक’ने संपणारी नावे आपण सर्वांनी वाचली आहेत. हाच ‘नाक’ रोमन लिपीत कधी ‘सी’ने संपतो, कधी ‘के’ने, तर कधी दोन्ही अक्षरे जोडून लिहिलेला असतो. तिन्ही प्रकारे शोधले पाहिजे.

दुसरी गोष्ट, जातीचा रकाना जसाच्या तसा खरा मानू नका. इंग्रजी दप्तरांत महारांना ‘परवारी’ किंवा ‘धेड’ असेही लिहीत. कधी मुंबईकडून आलेल्या माणसाला सरसकट ‘मराठा’ लिहून कारकून मोकळा होई. उलट कलकत्त्याच्या बोटींच्या कागदांत ‘धनगर’ शब्द दिसला तर तो आपला मेंढपाळ धनगर समजू नका. छोटा नागपूरच्या आदिवासी मजुरांना तिकडे ते नाव होते. आणि काहींनी मुद्दाम वेगळी जात सांगितली. का सांगू नये? जन्मभर ज्या शब्दाने पाठीवर ओझे दिले, तो शब्द नव्या बंदरात कोण प्रामाणिकपणे उच्चारील?

तिसरी गोष्ट, गावांची नावे. साहेबाच्या कानाने ऐकलेले ‘सुवर्णदुर्ग’ कागदावर ‘सेव्हर्नड्रूग’ होते. त्यामुळे नाव डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने उच्चारून पाहा.

चौथी गोष्ट, जहाजाचे नाव मिळाले की शोध अर्धा झाला. लंडनच्या ‘लॉइड्स रजिस्टर’चे अठराव्या शतकापासूनचे खंड आता इंटरनेटवर पाहता येतात. जहाज कुठे बांधले, किती टनांचे, मालक कोण, कप्तान कोण, हे त्यात मिळते. ते मुंबईहून कधी सुटले हे त्या काळच्या वर्तमानपत्रांतील जहाजांच्या बातम्यांत सापडते. मुंबई सरकारचा जुना पत्रव्यवहार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागारात आहे.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण. बंदरातून निघालेल्यांची यादी आणि पोहोचलेल्यांची यादी मिळाली तर दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पहिलीत असलेले आणि दुसरीत नसलेले नाव म्हणजे बहुतेक वेळा मृत्यू. १८५६ च्या सुरुवातीला कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फतेह मुबारक’ या जहाजांवरच्या मजुरांना रोगाच्या भीतीने गॅब्रिएल नावाच्या लहानशा बेटावर पुरेशा निवाऱ्याशिवाय उतरवले गेले. त्यात दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यांचे घरचे लोक गावाकडे वाट पाहत राहिले असतील. “गेला तो आला नाही,” एवढेच त्यांच्याही घरात उरले असेल.

बोटीवरची जात

ज्यांच्या घरात ‘बोटीवर गेला’ अशी आठवण आहे त्यांनी खलाशांचे करारनामे शोधावेत. ब्रिटिश जहाजांचे १८६१ नंतरचे बरेचसे करारनामे कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहेत, काही लंडनमध्ये आहेत. १९१५ सालच्या याद्या नावानिशी इंटरनेटवर मोफत शोधता येतात. मात्र काही याद्यांत गोऱ्या खलाशांची एकेक करून नावे आहेत आणि हिंदी खलाशांचा, म्हणजे लास्करांचा, फक्त आकडा आहे. घरात जुनी ‘नली’, म्हणजे खलाशाच्या नोकरीचे पुस्तक, असेल तर ती जिवापाड जपा.

या कागदांत सारंग, टिंडेल, सुखाणी, आगवाला, भंडारी असे हुद्दे येतात. त्यांच्या शेवटी एक शब्द येतो, ‘टोपास’. टोपास म्हणजे बोटीवरचा सफाई कामगार. गावात जे काम ज्या जातीच्या माथी मारले, तेच समुद्राच्या मध्यावरही त्याच जातींच्या वाट्याला आले. जात जमिनीला चिकटलेली असते असे म्हणणाऱ्यांनी हा एक शब्द वाचावा.

“पूर्वज कशाला शोधता?”

चळवळीतले काही मित्र मला विचारतात, “वंशावळ शोधणे हे ब्राह्मणी खूळ नाही का? १९५६ ला आपण जुने सगळे सोडले. आता जातीचा रकाना उकरून काय मिळवणार?” प्रश्न योग्य आहे, म्हणून उत्तर देतो.

कुलाचा अभिमान आणि कुळाचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलवृत्तांत लिहिणारा श्रेष्ठत्व सिद्ध करायला मागे जातो. आपण मागे जातो ते आपले श्रम कोणी, किती वर्षे, कोणत्या दराने घेतले हे सिद्ध करायला. मला त्या रकान्यातली जात परत नको आहे. ती बाबासाहेबांनी नागपूरच्या मैदानावर उतरवून ठेवायला सांगितली आणि आम्ही ठेवली. पण तो रकाना ही साक्ष आहे, आणि आरोपी अजून मोकळा असताना साक्षीचा कागद कोणी जाळत नाही.

कागद नाहीसा झाला की काय होते हे बाबासाहेबांना चांगले ठाऊक होते. १९१७ साली ते ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने मुंबईला परतले. त्यांची पुस्तके ज्या वेगळ्या बोटीने पाठवली होती ती टॉर्पेडोने बुडाली. कष्टाने जमवलेला संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. त्या माणसाने पुन्हा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली आणि ‘राजगृह’ उभे केले. आपल्या नोंदवह्या तर बुडालेल्याही नाहीत. त्या कपाटांत आहेत. आपण उघडलेल्या नाहीत, एवढेच.

आमच्या शोधाचे म्हणाल, तर माझ्यासमोर आज तीन नावे आहेत. तिन्ही ‘नाक’ने संपणारी, तिन्ही रत्नागिरी जिल्ह्यातली, वयेही जुळणारी. बापाचे नाव दोघांचे जुळते. गावाचे नाव एकाचेही स्पष्ट लागत नाही. त्यांतला आमचा कोणता हे मी ठरवलेले नाही आणि पुराव्याशिवाय ठरवणारही नाही. सोयीचा पूर्वज निवडायला आपण काही पेशव्यांचे भाट नाही.

मात्र एक गोष्ट आता मला दिसते. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांकडे पूर्वजाचा क्रमांक आणि जहाज आहे, त्यांना गाव सापडत नाही. आपल्याकडे गाव आहे, ‘गेला तो आला नाही’ ही आठवण आहे, क्रमांक नाही. एकाच कागदाचे हे दोन तुकडे आहेत. ते जोडायचे तर सरकारने मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांच्या कागदांची देवनागरीत नावांची सूची करून ती सर्वांसाठी मोफत खुली केली पाहिजे, ही आपली जाहीर मागणी असली पाहिजे.

तोवर प्रत्येकाने एक काम करावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसावे आणि विचारावे, आपल्यातले कोणी बोटीने गेले होते का? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, प्रत्ययासकट लिहून घ्यावे. नोंदवह्या आणखी पन्नास वर्षे थांबतील. ती थांबणार नाही.

जयभीम!