दादाची अंडी

युद्धपट म्हणजे तोफा, रणगाडे आणि शेवटी फडकणारा झेंडा, असंच माझ्या डोक्यात होतं. त्यामुळे आर. सी. शेरिफचं ‘जर्नीज एन्ड’ हे नाटक फोनवर वाचायला घेतलं तेव्हा पहिल्या अंकातच वैतागलो. मार्च १९१८, फ्रान्समध्ये सेंट-क्वेंटिनसमोरचे ब्रिटिश खंदक, जर्मन हल्ला कधीही होईल अशी स्थिती. आणि हे लोक बोलतायत काय, तर डब्यातून अननसाऐवजी जर्दाळू निघाले म्हणून!

शेरिफ स्वतः पहिल्या महायुद्धात लढला होता, १९१७ मध्ये पासेनडेलला जखमी झाला होता. तरी त्याने रंगमंचावर लढाई दाखवलीच नाही. सगळं नाटक खंदकाला लागून असलेल्या, जमिनीखालच्या एका खोलीत घडतं. ट्रॉटर नावाचा अधिकारी कागदावर १४४ गोल काढतो. सहा दिवसांची ड्यूटी, तासाला एक गोल. तास सरला की गोल काळा करायचा. ऑसबर्न शत्रूच्या खंदकावर छापा घालायला निघतो तेव्हा घड्याळ आणि अंगठी कॅप्टन स्टॅनहोपकडे देतो, पेटता पाईप टेबलावर ठेवतो. छापा आपल्याला दिसत नाही, नुसते आवाज येतात. ऑसबर्न परत येत नाही. त्याच रात्री बाकीचे कोंबडी खातात, शॅम्पेन पितात, हसतात. नवखा रॅली या हसण्यावर चिडतो. ते विसरण्यासाठी चाललंय, हे त्याला कळत नाही.

इथे मी फोन बाजूला ठेवला.

माझा मावसभाऊ सैन्यात आहे. सियाचीनला राहून आलाय. सुट्टीवर आला की मी विचारायचो, “दादा, फायरिंग झालं का रे?” तो सांगायचा डाळ शिजायला लागणारा वेळ, स्टोव्हची काजळी, दगडासारखी गोठलेली अंडी. मी कंटाळून मोबाईल काढायचो. एकदा म्हणाला, “आमच्यातला एक जण ऑम्लेटचा फार शौकीन होता.”

‘होता’ म्हणाला. मला तो शब्द तेव्हा ऐकूच आला नाही. मी रॅलीच्या जागी होतो. फरक एवढाच की रॅली निदान दुःखात होता.

दादा गणपतीत येतोय. या वेळी फायरिंगबद्दल विचारणार नाही. विचारेन, “ती अंडी फोडायचात कशी रे?” आणि तो बोलेल तितका वेळ ऐकत बसेन.