उष्णता जाते कोठे?

खानदेशातला वैशाख ज्याने अंगावर घेतलेला नाही, त्याला गार पाण्याचे खरे मोल कळावयाचे नाही. भुसावळच्या परिसरात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला, की दुपारी रस्ते ओस पडतात आणि पाखरेसुद्धा सावली सोडीत नाहीत. अशा वेळी घडवंचीवरचा माठ हा घरातला सर्वांत लाडका पाहुणा ठरतो. खिडकीत बसविलेला कूलर भिजलेल्या वाळ्यातून वारा ओढून घेतो आणि खोलीत गारवा पसरवितो. या गारव्याची आम्हांला इतकी सवय झालेली असते, की तो येतो कोठून आणि घरातली उष्णता जाते कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मला तो विचारावयास लावला माझ्या नातवाने. आणि तोही माठासाठी नव्हे, तर आपल्या संगणकासाठी.

दीपनगरच्या घरातील एका लहान खोलीत बसून तो घरांची त्रिमितीय चित्रे तयार करतो. घर बांधण्यापूर्वी ते कसे दिसेल, हे मालकाला दाखविणारी ही चित्रे होत. काम नाजूक, आणि यंत्राला तासन्‌तास राबविणारे. उन्हाळ्याच्या दुपारी तो संगणक एकाएकी मंदावे. याचे कारण साधे आहे. तापमान ठरावीक मर्यादेपुढे गेले, की प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. भर उन्हात बैलाने पावले आखडती घ्यावीत, तसेच हे. नातवाने दोन वर्षांच्या कमाईतून थोडे पैसे बाजूला ठेवले होते. संगणकाच्या आत पाणी खेळवून त्याला थंड ठेवणारी रचना स्वतःच्या हातांनी जुळवावी, असे त्याने ठरविले. कागद, पट्टी आणि पेन्सिल घेऊन तो माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, “आजोबा, एकदा पाणी फिरू लागले, की आपला संगणक माठासारखा गार राहील बघा!”

कल्पना वेडेपणाची मुळीच नव्हती. आयबीएम कंपनीने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात गणन करणारे भाग पाण्यानेच थंड ठेवले जात. पुण्याच्या आयसर या संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही उष्णता वाहून नेण्याचे काम पाण्याकडे सोपविलेले आहे. मात्र नातवाच्या वाक्यातील ‘माठासारखा’ हा शब्द मला अडला. माठ पाण्याने थंड होतो, आणि त्याचा संगणकही पाण्यानेच थंड होणार होता, हे खरे. परंतु ही दोन्ही कामे एकच पाणी दोन अगदी निराळ्या रीतींनी करीत असते.

माठाच्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी पाझरते आणि कोरड्या हवेत त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते पाणी माठातल्या उरलेल्या पाण्यापासून घेते. ही उष्णता लहानसहान नसते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता खर्च होते, तेवढ्या उष्णतेवर बर्फासारखे गार असलेले पाच लिटर पाणी उकळीपर्यंत तापविता येईल. म्हणूनच भोवतालची हवा भाजत असतानाही माठातले पाणी तिच्यापेक्षा पुष्कळ थंड राहू शकते. कूलरचेही तेच. येथे पाणी स्वतः निघून जाते आणि जाताना उष्णता बरोबर नेते. पाण्याची दुसरी रीत याहून साधी आहे. तिच्यात ते निघून जात नाही; ओझेवाल्याप्रमाणे एका ठिकाणची उष्णता उचलते, दुसऱ्या ठिकाणी उतरविते आणि रिकाम्या हातांनी परत येते.

या दोन्ही रीती शेजारी शेजारी पाहावयाच्या असतील, तर दीपनगरसारखे दुसरे ठिकाण शोधण्याची गरज नाही. भुसावळहून वरणगावकडे जाताना लागणारे हे गाव औष्णिक वीज केंद्रासाठी प्रसिद्ध आहे. येथील पहिला संच १९६८ साली सुरू झाला. तो आता कामातून निवृत्त झालेला आहे. त्यानंतर आलेल्या संचांत प्रत्येकी ५०० मेगावॅट क्षमतेचे दोन मोठे संच आहेत. कोळशाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि ती वाफ टर्बाइनची पाती फिरविते. काम संपवून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करावे लागते. त्यासाठी हजारो नळ्यांतून थंड पाणी खेळविलेले असते. वाफ नळ्यांच्या बाहेरून जाते, थंड पाणी आतून वाहते. दोघांची उष्णतेची देवघेव होते, पण त्यांची भेट कधीच होत नाही. ही झाली वाहून नेण्याची रीत. पुढे हेच तापलेले पाणी शीतलन मनोऱ्यात जाते. तेथे ते तुषारांच्या रूपाने खाली पडते, त्याचा काही अंश वाफ होऊन आकाशात जातो आणि उरलेले पाणी निवते. ही झाली माठाची रीत. मनोऱ्यातून निघणाऱ्या पांढऱ्या ढगाला अनेक प्रवासी धूर समजतात. वस्तुतः तो धूर नव्हे. तापीचे पाणीच तेथून आभाळाकडे निघालेले असते. वीज म्हणून जेवढी शक्ती तारांतून आपल्या घरी येते, तिच्याहून अधिक उष्णता अशा केंद्रात या पाण्याच्या वाटेने बाहेर टाकावी लागते.

आता नातवाचा कागद पाहू. त्यावर त्याने एक वर्तुळ काढले होते. प्रोसेसरवर तांब्याचा चपटा ठोकळा. त्याच्या पोटातील बारीक खाचांतून पाणी जाणार. तसाच दुसरा ठोकळा ग्राफिक्स कार्डावर. तेथून नळीने रेडिएटर. त्याच्या पातळ पत्र्यांमधून पंखे हवा फेकणार. मग लहानशी टाकी, पंप, आणि पुन्हा ठोकळा. हे वर्तुळ सर्व बाजूंनी बंद आहे. त्यातला एक थेंबही वाफ होऊन बाहेर पडावयाचा नाही. मग माठाची किमया येथे घडणार कशी? हे पाणी उष्णता केवळ वाहून नेणार. आणि ती हवेच्या स्वाधीन करावयाची, तर पाणी हवेपेक्षा गरमच असले पाहिजे. खोलीत ४२ अंश असतील, तर त्या नळ्यांतील पाणी ४२ च्या खाली कधीही येणार नाही. हे ऐकून नातवाचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच तो म्हणाला, “मग हिशेब करूनच बघू या, आजोबा!”

आम्ही हिशेब मांडला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून भरकामात सुमारे ४०० वॅट उष्णता देतील, असे धरले. एक लिटर पाणी एक अंशाने तापावयास सुमारे ४,२०० ज्यूल उष्णता लागते. वर्तुळात एक लिटर पाणी असेल आणि रेडिएटर मुळीच नसेल, तर ते दर साडेदहा सेकंदांना एक अंशाने चढेल. दहा मिनिटांच्या आतच त्याला ५० अंशांची चढण पुरी करता येईल. म्हणजे पाणी नुसते भरून भागत नाही. त्याचे ओझे उतरविण्याची जागा हवी. हौशी जुळणीकारांचा एक ढोबळ ठोकताळा आहे : १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढ्या रेडिएटरमधून, पाणी हवेपेक्षा सुमारे १० अंशांनी गरम असता, १०० वॅट उष्णता बाहेर पडते. त्या मापाने चार पंखे पुरेत. पण मग मे महिन्यात पाणी ५२ अंशांवर जाईल. आणि पुष्कळशा पंपांची सहनशक्ती ६० अंशांशी संपते. सहा पंख्यांएवढी जागा दिली, तर पाणी ४९ च्या आसपास थांबेल. थंड प्रदेशासाठी काढलेला आराखडा खानदेशात जसाच्या तसा उचलून चालत नाही, हे त्या आकड्यांनीच आम्हांला सांगितले.

आकड्यांनी आणखी एक गंमत दाखविली. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर ४०० वॅटचे ओझे घेऊनही ते एका फेरीत जेमतेम दीड अंशाने तापते. म्हणून प्रोसेसर आधी की रेडिएटर आधी, या वादात फारसा अर्थ उरत नाही. एकच क्रम पाळावा लागतो : टाकी पंपाच्या अगोदर आणि त्याच्याहून उंचावर असावी. पंपाचे वंगण हे पाणीच असते. कोरडा फिरला, तर तो लवकरच निकामी होतो. धातूंच्या बाबतीतही सोयरीक पाहूनच करावी लागते. तांब्याच्या ठोकळ्याबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडला, तर पाण्याच्या संगतीने ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून तांब्याला तांबे किंवा पितळच बरे.

“मग कूलरच्या टाकीतले गार पाणीच या नळ्यांतून फिरविले तर?” नातवाने विचारले. प्रश्न चतुर होता. परंतु कूलरच्या जाळीवर साचणारी पांढरी खपली त्याने पाहिलेली होती. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. वीज केंद्रातही याच कारणाने मनोऱ्याखालचे थोडे पाणी वेळोवेळी काढून टाकून नवे घालावे लागते. ठोकळ्यातील केसासारख्या खाचा अशा क्षारांनी पाहता पाहता बुजतील. तेथे ऊर्ध्वपातित पाणीच हवे, आणि शेवाळ धरू नये म्हणून त्यात योग्य ते औषध.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र शेवटी आला. रेडिएटरने टाकलेली ४०० वॅट उष्णता जाणार कोठे? त्याच लहान खोलीत! स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. म्हणजे चार अदृश्य पाहुणे त्या खोलीत दिवसभर बसलेले असणार. पाण्याने उष्णता नाहीशी केलेली नाही. तिला यंत्राच्या पोटातून काढून नातवाच्या अंगावर आणून सोडले आहे. हे ध्यानात येताच त्याने खरेदीच्या यादीत सर्वांत वर एक नवी ओळ लिहिली : ‘भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा.’ तो सर्वांत स्वस्त होता, आणि त्याच आठवड्यात बसलाही. दुपारचे मंदावणे त्यानेच बरेचसे कमी झाले.

मग उरलेल्या खटाटोपाची गरज काय, असे कोणी विचारील. नातवाने त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले : थोडी गरज, आणि बाकी शिकण्याची हौस. हौस वाईट नसते. तिला गणिताची सोबत मात्र असावी. कारण येथे चूक महाग पडते. शुद्ध पाणी विजेचे वाहक नसले, तरी धातूंच्या सहवासात ते फार काळ शुद्ध राहत नाही. एक सैल जोड, चार थेंब, आणि दोन वर्षांची कमाई क्षणात जळून जावयाची; शिवाय लोकांची घेतलेली कामे अर्धवट राहावयाची. म्हणून आराखड्याच्या तळाशी त्याने ठळक अक्षरांत नियम लिहून ठेवला आहे : जुळणी पुरी झाल्यावर वीज फक्त पंपाला द्यावयाची, प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवावयाचा, आणि सलग २४ तास तो कागद कोरडाच राहिला, तरच संगणक सुरू करावयाचा. आरंभाच्या उत्साहात हे २४ तास थांबणे, हाच त्या साऱ्या कामातला अवघड भाग आहे.

जगात कोणतीही उष्णता ‘गेली’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोठेतरी पोचलेली असते. माठाची उष्णता उडालेल्या पाण्याबरोबर हवेत मिसळते, यंत्राची उष्णता खोलीत उतरते, आणि आपल्या घरातील दिव्यामागची उष्णता तापीचे पाणी आपल्या अंगावर घेते. आपल्याला लाभलेल्या प्रत्येक गारव्याचा भार कोणी ना कोणी उचललेला असतो. तो कोणी उचलला, आणि त्याला तो पेलणार आहे का, एवढे ज्याने आधी विचारले, त्याचा आराखडा निम्मा पुरा झाला असे समजावे.