वजूचं पाणी आणि वेखंड

आमच्या परसात नळाखालची जागा बारा महिने ओली असते. घर शुक्रवार पेठेच्या उतारावर, पंचगंगा फार लांब नाही. अम्मी पाचही वेळा तिथंच वजू करते आणि ते पाणी भिंतीलगत मुरतं. मी तिथं गुलाब लावला, तो कुजला. जास्वंद पिवळी पडली. शेवटी कोबा करून टाकायचं ठरवलं, तर अम्मी म्हणाली, "कोबा नको कर. पानी है वहाँ वेखंड लगा."

वाहत्या नदीकाठी असलात तरी वजूत पाणी वाया घालवू नका, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकलेली. वाया जाणाऱ्या पाण्याला झाड शोधावं हे मात्र मला सुचलं नव्हतं.

पहिल्यांदा मी काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंड आणून पुरलं. महिनाभर वाट पाहिली, काही उगवलं नाही. वाळलेलं कांडं उगवत नाही, हे उशिरा कळलं. मग 2018 च्या पावसाळ्याच्या तोंडावर एका ओळखीच्या माळ्याकडून ओली कांडी आणली. बोटभर लांबीचे, डोळा असलेले तुकडे केले. चिकणमातीत शेणखत मिसळून वीतभर अंतरावर आडवे ठेवले आणि वर दोन बोटं माती घातली. वजूच्या पाण्यात साबण नसतो, म्हणून ते थेट सोडलं. साबणाचं पाणी वेगळ्या पन्हाळीनं काढलं. माती ओली राहील पण पाणी साचणार नाही, इतकाच उतार ठेवला, नाहीतर डास होतात. उन्हाळ्यात ओल तुटू दिली नाही की बाकी काही करावं लागत नाही.

वेखंडाची पानं तलवारीसारखी. चुरगाळली की बाळंतिणीच्या खोलीचा वास येतो. याला पूर्वी अळूच्या कुळात धरायचे. आता त्याचं कूळ स्वतंत्र मानतात. ऊस, भात, ज्वारी, केळ, नारळ या सगळ्या एकदल वनस्पतींपासून सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा ती हीच. युनानीत त्याला वज म्हणतात, आयुर्वेदात वचा.

ऑगस्ट 2019 मध्ये महापूर आला. आम्ही नातेवाइकांकडे गेलो. परत आलो तेव्हा परसात गाळ आणि कुजल्याचा वास. कुंड्या गेल्या, कढीपत्ता गेला. गाळ उपसताना खाली वेखंडाची कांडी घट्ट धरून होती. काही आठवड्यांत हिरवी टोकं वर आली. 2021 च्या जुलैत पुन्हा तेच झालं. कोबा केला असता तर काय झालं असतं, याचा विचार तेव्हा केला. आपल्या गावात गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं. कपिलतीर्थाची मंडई झाली, पद्माळ्याची बाग झाली. तरी जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतंच. जागा पाणी विसरत नाही.

गेल्या वर्षी लेक बाळंतपणाला आली. नात झाली. अम्मीनं सहाण धुऊन ठेवली. आमच्या घरात प्रत्येक मुलाला घुट्टीत वेखंडाचा एक वेढा मिळालेला आहे, मलाही. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. मी वाचलंही होतं की वेखंडात बीटा-असरोन नावाचं द्रव्य असतं, भारतीय वाणांत ते जास्त आढळतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं गाठी झाल्या म्हणून अमेरिकेनं 1968 मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंडावर बंदी घातली. जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात.

हे अम्मीला सांगणं सोपं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी तुम्हाला विष घातलं का?" मला उत्तर देता आलं नाही. लेक मधे पडली. म्हणाली, "दादी, तेव्हा जे कळत होतं ते तू केलंस. आता जे कळतंय ते आम्ही करतो." अम्मी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनं सहाण उचलून फडताळात ठेवली. वेखंडाची वाळकी कांडी एका फडक्यात घट्ट बांधली आणि बाळाच्या हाताला लागणार नाही अशी, पाळण्यापासून लांब, कपड्यांच्या कपाटात ठेवली. कपड्यांना कसर लागू नये म्हणून, असं म्हणाली.

वाफा आता दाट झालाय. दर पावसाळ्याआधी कांडी विभागून शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतो. देताना लावायचं कसं ते सांगतो आणि बाळाला उगाळून देऊ नका, हेही सांगतो. काही जण माझ्याकडे अम्मीनं पाहिलं तसंच पाहतात.

पहाटे फजरच्या वेळी नळाचा आवाज येतो. अम्मी हल्ली धार आणखी बारीक सोडते. मी म्हटलं, वेखंडाला पाणी कमी पडेल. ती म्हणाली, "उसकू मैं अलग से डालती."