खडखड

घरातल्या आवाजांशी माणूस फार लवकर तह करतो. पंख्याची टिकटिक, नळाची ठिबक, कपाटाच्या दाराची कुरकुर यांना तो आठ दिवस दूषणे देतो आणि नवव्या दिवशी ते आवाज त्याला ऐकूही येईनासे होतात. माझ्या एका स्नेह्यांच्या मते सुखी संसाराचे रहस्य यातच आहे. संसाराच्या बाबतीत ते खरे असेलही. यंत्राच्या बाबतीत मात्र हा तह मला अलीकडे धोक्याचा वाटू लागला आहे.

याला निमित्त झाली आमच्या घरची बिनगिअरची स्कूटर. ती खऱ्या अर्थाने सौभाग्यवतींची. तिच्यावरून त्या रोज अंबडच्या रस्त्याने शाळेत शिकवायला जातात आणि दिवेलागणीला जालन्यास परततात. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या डाव्या कुशीतून, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी खडखड येऊ लागली. एका दुकानाने पाहताक्षणी निकाल दिला, "सबंध क्लच बदला." सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही उभयता स्कूटर घेऊन तशीच घरी आलो. पुढे कोणीतरी नवीन जालन्यातल्या एका वयस्क मिस्त्र्यांचे नाव सुचवले.

या गृहस्थांनी पान्याला हात लावण्यापूर्वी विचारले, "सर, वाजते केव्हा?"

मला उत्तर देता आले नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "उभी असताना वाजते. थोडी रेस दिली की थांबते."

"मग मॅडम, अर्धे काम तुम्हीच केले," मिस्त्री म्हणाले.

ते अर्धे काम कसे झाले हे समजण्यासाठी आतली रचना थोडी पाहिली पाहिजे. या स्कूटरच्या पोटात दोन कप्प्या आणि त्यांवरून फिरणारा एक रबरी पट्टा असतो. पुढच्या कप्पीत तिरप्या खाचांत बसवलेले लहान रोलर असतात. इंजिन वेगाने फिरू लागले की ते बाहेरच्या बाजूस सरकतात, कप्पीच्या दोन तबकड्या जवळ येतात, पट्टा वर चढतो आणि गिअर न बदलताच गाडीचा वेग वाढतो. मागे क्लचचे जोडे असतात. तेही वेगानेच फाकतात आणि चाकाला बांधलेली वाटी पकडतात. १९८० नंतरच्या दशकात कायनेटिक होंडाने ही रचना आपल्या रस्त्यांवर ओळखीची केली. दूर कॅनडात बर्फावरून धावणाऱ्या ज्या गाड्या आहेत (बोम्बार्दिए यांची 'स्की-डू' १९५९ साली बाजारात आली) त्यांतही कप्प्या-पट्ट्याची हीच जोडी काम करते. इतकेच की, तिथे पुढची कप्पीच क्लचचे काम करते आणि इंजिन सावकाश चालत असता पट्टा तिच्यात सैल राहतो. क्लचच्या खडखडीची तक्रार त्या बर्फातही आहे आणि तिचे कारणही बरेचसे तेच आहे.

ते कारण असे. उभ्या स्कूटरचे इंजिन मिनिटाला सुमारे १,७०० फेरे घेते. दर दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला चौदा धक्के. प्रत्येक धक्क्याला दांडा पुढे झेपावतो आणि पुढच्या धक्क्यापर्यंत किंचित मंदावतो. जे भाग घट्ट बसलेले असतात ते मुकाट्याने त्याच्याबरोबर जातात. झिजून सैल झालेले मात्र मागे-पुढे आपटतात. रेस दिली की धक्के जवळ येतात, रोलर खाचेत दाबून बसतात आणि आवाज थांबतो. म्हणून उभ्याने वाजणारी आणि रेसला थांबणारी खडखड ही बहुधा सैलपणाची. वेगाबरोबर वाढत जाणारी असेल तर सुटलेला नट किंवा झिजलेले बेअरिंग यांचा संशय घ्यावा. गाडी निघतानाच थरथरली तर क्लचचे जोडे तपासावेत.

मिस्त्र्यांनी लांब पेचकसाचे टोक झाकणावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या वैद्याने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली होती आणि तीतूनच पुढे स्टेथॉस्कोप जन्मला, याचे मला स्मरण झाले. पुढच्या कप्पीवर आवाज मोठा होता, मागे क्लचवर क्षीण. मग त्यांनी रेस किंचित वाढवली. खडखड निम्मी झाली. पण तेवढ्यावर समाधान न मानता त्यांनी झाकण उघडले.

सहाही रोलर एका अंगाने चपटे झाले होते आणि त्यांच्यामागील पट्टीला आधार देणारे प्लास्टिकचे तुकडे झिजले होते. खडे वाजत होते ते हेच. त्यांची किंमत सबंध क्लचच्या मानाने किरकोळ होती. पण मिस्त्र्यांचे लक्ष तिकडे नव्हते. त्यांनी पट्टा हातात उलटा वाकवून धरला. आतल्या दात्यांच्या मुळाशी आडव्या भेगा पडल्या होत्या.

"मॅडम, हा वाटेत तुटला असता," ते म्हणाले.

त्या पट्ट्याने आजवर एक शब्दही उच्चारला नव्हता. जे गडबड करत होते त्यांच्यापासून फारसे भय नव्हते आणि जे खरे भय होते ते निःशब्द होते. वर्गात गेली अठ्ठावीस वर्षे हेच माझ्यासमोर घडत आले आहे. मागच्या बाकावरचा गलका आपण शमवतो आणि खिडकीशी गप्प बसलेला मुलगा परीक्षेपूर्वी कॉलेज सोडून गेल्याचे आपल्याला हजेरीपटावरून कळते. खडखडीची खरी किंमत हीच, की तिच्या निमित्ताने झाकण उघडले जाते.

नवा पट्टा, नवे रोलर, नवे तुकडे बसले. आतली धूळ पुसली गेली. पट्ट्याच्या वाटेवर ग्रीसचा थेंबही जाऊ नये म्हणून मिस्त्र्यांनी हात दोनदा धुतले. स्कूटर सुरू झाली. खडखड गेली होती. पण कान देऊन ऐकले तर एक बारीक किणकिण अजून होती. मी तिच्याकडे बोट दाखवले.

"तेवढी राहू द्या, सर. हा तिचा स्वभाव आहे."

मग त्यांनी मीटरचा आकडा पाहिला, त्यात काही हजारांची भर घालून नवा आकडा एका कागदावर लिहिला आणि तो माझ्याऐवजी सौभाग्यवतींच्या हाती दिला. म्हणाले, "आवाज आला नाही, तरी या आकड्याला घेऊन या."