आवाजाची पारख

मडके घेताना टिचकी मारावी, कलिंगड घेताना थापटून पाहावे आणि बैल घेताना त्याचे दात बघून, चार पावले चालवून मगच किमतीची गोष्ट काढावी, हे आम्हां मराठवाड्यातल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. तिथला एखादा पक्का पारखी नांदेडच्या चकचकीत दुकानात आणून उभा करा आणि विचारा, ‘मामा, हा बिनतारी स्पीकर कसा वाटतो?’ तो पागोटे मागे सारून डोके खाजवील. आवाजाचे दात कुठे बघायचे?

यंदा हा प्रश्न आमच्याच घरी आला. पुण्याच्या लेकीने दिवाळीसाठी एक उंची स्पीकर सुचवला. किंमत २४,००० रुपये. आमच्याकडे एवढ्या किमती रुपयांत कळत नाहीत, क्विंटलांत कळतात. २०२४ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. म्हणजे तो डबा जवळजवळ पाच क्विंटल सोयाबीनचा झाला, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर! लातूरकडची शेती पाहणाऱ्या धाकट्या भावाला फोनवर हा हिशेब सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि ‘बरं’ म्हणाला. शेतकऱ्याच्या अशा ‘बरं’मध्ये पुष्कळ काही असते.

स्पीकर हवा होता तो आईसाठी. तिचे वय ८६. सारा जन्म औसा तालुक्यातल्या माळवदाच्या घरात काढला, आता ती नांदेडला आमच्याकडे असते. गेली दोन वर्षे ती बैठकीच्या खोलीत येईनाशी झाली होती. रेडिओ लावा, टीव्ही लावा, तिचे एकच म्हणणे : ‘बोलायलेत, पण काय बोलायलेत ते कळंना.’ आवाज वाढवावा तर म्हणे, ‘ओरडू नका रे.’ डॉक्टरांनी उलगडून सांगितले. उतारवयात कान आधी उंच पट्टीचे आवाज सोडतो. अ, आ, ओ या स्वरांचा भार खालच्या पट्टीत असतो, ते पोहोचतात. पण स, श, त, क यांची धार वरच्या पट्टीत असते, ती गळून जाते. माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. श्रवणयंत्र आणले आहे. ते ती सकाळी लावते आणि दुपारपर्यंत उशाखाली ठेवून देते.

आणि ही बाई तर रेडिओच्या संगतीत वाढलेली! निजामाच्या राज्यात हैदराबादहून ‘डेक्कन रेडिओ’ बोलत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली ती रेडिओवरूनच. आई तेव्हा नऊ वर्षांची. गावात सेट एकच, तो बॅटरीवर चालणारा, आणि अंगणात सारा गाव. त्या दिवसाचा एकही शब्द तिला आठवत नाही. बसलेली माणसे एकदम उठून उभी राहिली, एवढेच आठवते. पुढे १९५७ साली विविध भारती आली, १९६८ साली परभणीचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले, आणि शेतीच्या सल्ल्यापासून भावगीतापर्यंत सगळे आमच्या ओसरीवर येऊन बसू लागले.

गंमत अशी की, तो रेडिओ नावाचाच बिनतारी होता. एक तार माळवदावरच्या काठीला, दुसरी जमिनीत पुरलेली. आता त्या तारा गेल्या. पण एका सेटभोवती बसणारी माणसेही पांगली. माझा नातू कानांत बोळे घालूनच जेवायला बसतो. त्याच्या ताटात काय वाढले ते आम्हांला दिसते, कानात काय वाढले आहे ते दिसत नाही.

असो. वजिराबादेतल्या एका ओळखीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भिंत हादरेल असे गाणे लावले आणि माझ्या तोंडाकडे कौतुकाच्या अपेक्षेने पाहिले. मी म्हणालो, ‘हे बंद करा. मराठी बातम्या लावा, आणि आवाज निम्म्यावर आणा.’ हापूसच्या पेटीपुढे उभे राहून कांद्याचा भाव विचारावा, तसे त्याला वाटले असावे. पण विचार करा, मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर भरदार वाटतात. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो, त्यामुळे दणक्याचा डामडौल उतरतो आणि खरा आवाज उरतो. शिवाय माणसाचे बोलणे आपण जन्मापासून ऐकत आलो. त्यातले खोटे कान लगेच पकडतो.

मी दुसराही एक स्पीकर लावायला सांगितला, ९,००० रुपयांचा. बॅटरीवर किती तास चालतो, हे दोन्हींचे विचारले, कारण आमच्याकडची वीज पाहुणीसारखी येऊन जाऊन असते. चार वर्षांनी बॅटरी दमली तर बदलून मिळेल का, हेही विचारले. महागाच्या बाबतीत दुकानदार घुटमळला, स्वस्ताच्या बाबतीत ‘हो’ म्हणाला. जुन्या ओळखीवर दोन्ही डबे एका दिवसासाठी घरी न्यायला दिले.

घरी न्यायलाच हवे होते. अमेरिकेत नावारूपाला आलेले अमर बोस हे एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव. १९५६ साली विद्यार्थी असताना त्यांनी एक संगीतसंच विकत घेतला. कागदावरचे आकडे उत्तम, पण कानाची निराशा झाली. ती निराशा त्यांना स्वस्थ बसू देईना. मैफलीत श्रोत्याच्या कानी येणारा बहुतेक आवाज थेट येत नाही, भिंती-छतांवरून परतून येतो, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९६४ साली स्वतःची कंपनी काढली. म्हणजे निम्मा स्पीकर दुकानात मिळतो आणि निम्मा आपल्या खोलीत असतो! आमच्या जुन्या घरात मातीच्या जाड भिंती आणि माळवद आवाज पिऊन घेत. इथे वर स्लॅब, खाली फरशी; शब्द टणाटणा उड्या मारतो. आम्ही सतरंजी अंथरली, पडदे सोडले, आणि डबा कोपऱ्यातून काढून मोकळ्या जागी ठेवला, कारण कोपरा खर्ज फुगवतो.

मग आईला बोलावले. कोणता डबा कितीचा, हे तिला सांगितले नाही. मोबाइलवरून आकाशवाणीच्या बातम्या आधी महागड्यावर लावल्या. ती जरा वेळ ऐकून म्हणाली, ‘हे देवळातल्या गाभाऱ्यातून बोलायलेत.’ मग दुसऱ्यावर लावल्या. तिने मान वर केली. ‘ही बाई नीट बोलायली.’

महागडा वाईट होता, असे मुळीच नव्हे. रात्री त्यावर तानपुऱ्यासह ख्याल ऐकला, तेव्हा खोली भरून गेली. ज्याच्या घरी रोज गाणे ऐकले जाते आणि कान तरणे आहेत, त्याने तोच घ्यावा. आमच्या घरात शब्द हरवला होता, आणि तो दुसऱ्या डब्यात सापडला. सकाळी महागडा परत केला. भावाला कळवले, तेव्हा तो लगेच ‘बरं!’ म्हणाला. हे ‘बरं’ निराळे होते.

लेकीला मी एवढेच सांगितले की, आवाजाची पारख करायची असेल तर ज्याला ऐकायचे आहे त्याला बरोबर बसवावे, ओळखीचे बोलणे हळू लावावे आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बघावा. आवाजाचे दात तिथे दिसतात.

परवा सकाळी बातम्यांत पावसाचा अंदाज सांगत होते. आई आता सतरंजीशेजारच्या खुर्चीत बसते. ती मध्येच म्हणाली, ‘खोटं बोलायली की ही. वारं बघा कोणीकडचं हाय.’ नातवाने एका कानातला बोळा काढला आणि विचारले, ‘कोणीकडचं, पणजी?’

दोघांचा वाद सुरू झाला. मी स्पीकर हळू केला.