गृहचौकशी

बाल न्याय अधिनियम, 2015 अन्वये बाल कल्याण समितीसाठी करावयाची सामाजिक चौकशी 15 दिवसांत पुरी व्हावी लागते, आणि मुदत अशी डोक्यावर असताना अहवाल लिहिणाऱ्याला जो सर्वांत मोठा मोह पडतो तो विशेषणांचा. ‘बाप व्यसनी, आई निष्काळजी’ एवढे लिहिले की चौकशी झाल्याचे समाधान मिळते, वरिष्ठांनाही हरकत घेण्याजोगे काही उरत नाही, आणि मुलाच्या पाठीवर वळ उमटतात कशापायी याचा मात्र पत्ता लागत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची घरे पाहावीत. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेऊन जोडपे कारखान्याच्या वाटेला लागते. बाईचे जुने दुखणे, बापाची दारू, ऐकू न येणारा मुलगा आणि त्याला सांभाळण्यासाठी शाळेतून उठवलेली थोरली बहीण, असा सगळा संसार फडाजवळच्या कोपीत हंगामभर राहतो. या घराला लागणारा दिव्यांगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयात, शिधापत्रिका तहसील कचेरीत, बालसंगोपन योजनेचा अर्ज महिला व बालविकास खात्यात. प्रत्येक दारी तीच कर्मकहाणी नव्याने सांगावी आणि प्रत्येक फेरीचा खाडा मुकादमाने हिशेबात धरावा. शिवाय गावाकडचा तालुका म्हणतो, कुटुंब येथे नाही; कारखान्याकडचा म्हणतो, कुटुंब येथले नाही.

कोपीत शिरताच कागद बाहेर काढू नये, हा माझा परिपाठ. रात्री कोण कोठे निजते, आई गाडी भरायला गेली की पोरांजवळ कोण असते, एवढे दोन प्रश्न बोलण्याच्या ओघात विचारले तर छापील तक्त्याच्या साऱ्या रकान्यांहून अधिक कळते. ‘ताई, मारतो म्हणून लिवा, पण उचल कशी फिटायची ते बी लिवा,’ असे एका माउलीने सांगितले. आमच्या समाजकार्याच्या शास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम त्यात आला. मुलाच्या दाखल्यासाठी रुग्णालयाच्या रांगेत आपण सोबत उभे राहिल्यावर बापाशी मारहाणीविषयी जे बोलता येते, ते पहिल्याच भेटीत बोलू गेल्यास निव्वळ उपदेश ठरते. अर्थात लैंगिक अत्याचाराची शंका आली की ही संथ रीत तत्क्षणी सोडावी लागते. 2012 च्या ‘पॉक्सो’ कायद्याने पोलिसांना खबर देणे बंधनकारक केले आहे, आणि ते योग्यच आहे.

संस्थेत दाखल करणे हा अखेरचा उपाय, हे तत्त्व बाल न्याय अधिनियमात स्पष्ट नोंदलेले आहे. तथापि मूल हलवण्यास एक हुकूम पुरतो आणि घर सावरण्यास चार खात्यांची मनधरणी करावी लागते, म्हणून पुष्कळदा अखेरचा उपायच अगोदर योजला जातो. यास्तव माझ्या अहवालाच्या शेवटी हल्ली एक तपशीलवार परिच्छेद असतो: कोणता दाखला कोणी केव्हा मिळवून द्यायचा, हंगामात हे कुटुंब कोणत्या कारखान्याच्या हद्दीत असेल, आणि तेथे त्याच्याकडे कोण जाईल. एका वरिष्ठांनी तो अनावश्यक म्हणून खोडला. पुढच्या अहवालात मी तो पुन्हा घातला आहे.