एकाच घरातले सूर

कर्जतला आमच्या आळीत १४ एप्रिलला कर्णा लागला, की मी खिडकी लावून घेत असे. आनंद-मिलिंद शिंदे या भावांची भीमगीते सुरू व्हायची ना!

यंदा लेकीने विचारले, "आई, आषाढीला प्रल्हाद शिंद्यांचे विठ्ठलाचे गाणे लागले की तू हात जोडतेस. हे त्यांचेच मुलगे ना?"

मी चपापलेच. प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. भीमगीते त्यांनीही गायिली होती, तोच वारसा मुलांनी चालवला. आनंदरावांच्या पोपटाच्या गाण्यावर तर खालापूरला माहेरच्या वरातीत मीही ताल धरला होता! आता नातू आदर्शही गातो.

मग बापाचा विठ्ठल आपला नि लेकांचे बाबासाहेब परके, असे कसे? मैत्रिणींनो, मी खिडकी उघडली. चहा गाळता गाळता दोन गाणी नीट ऐकली.